एकच चौकोन

‘रक्त कधी खोटं बोलत नाही.’ इंदिरानगरच्या आमच्या लॅबमध्ये शिरताच ही सोनेरी पाटी दिसते. मजकूर आमचे मालक डॉ. काळे यांचा. मी इथली पॅथॉलॉजिस्ट. त्या दिवशी पाटीखाली विंचूरच्या सविताताई आणि त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. तीन गर्भपातांनंतर केलेल्या टेस्टचा रिपोर्ट हातात होता. निगेटिव्ह.

“रक्तात काय नाय, मंग खोट हिच्यातच हाय ना?” सासूबाईंनी मला विचारलं. सविताताई जमिनीकडे बघत होत्या.

त्यांच्या डॉक्टरांचा मला सकाळीच फोन आला होता. “लक्षणं सगळी जुळतात, मॅडम. पण टेस्ट पॉझिटिव्ह नसताना नऊ महिने रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं कुठल्या आधारावर देऊ? पुन्हा दिवस राहायच्या आत काय ते सांगा.”

टेस्टचं आणि ती शोधते त्या अँटिबॉडीचं नाव ल्युपस अँटिकोॲग्युलंट. ही अँटिबॉडी असलेल्या बऱ्याच जणांना ल्युपस हा आजार नसतो. अँटिकोॲग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं. हिच्यामुळे शरीरात उलट गुठळ्या होतात. नाव ठेवणारा घाईत असावा. गुठळ्यांनी वारेचा रक्तपुरवठा बिघडला की गर्भ टिकत नाही.

ही टेस्ट आम्ही फक्त शुक्रवारी लावतो. म्हणून आमचं विंचूरचं कलेक्शन सेंटर रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतं, वरचा पिवळसर प्लाझ्मा काढतं आणि फ्रीझरमध्ये गोठवून पाठवतं. फिरवायचं मात्र दोनदा. एका फेरीनंतर थोड्या प्लेटलेट उरतात. गोठवल्यावर त्या फुटतात आणि त्यांचे तुकडे अँटिबॉडीला गुंतवून ठेवतात. टेस्टला ती सापडतच नाही.

मी सेंटरच्या ज्योतीला फोन लावला.

“नळी किती वेळा फिरवतेस गं?”

“एकदाच. फॉर्मवर एकच चौकोन आहे ना, मॅडम. ‘फिरवले: होय.’ दुसऱ्यांदा फिरवून टिक कुठं करू?”

फॉर्म मी बनवला होता.

मालक म्हणाले, “रिपोर्ट सही होऊन गेलाय. आता मागे घ्यायचा? लॅबची काही इभ्रत?”

“सही माझी आहे, सर.”

“आणि बाहेरची पाटी?”

“पाटीवर रक्ताबद्दल लिहिलंय. आपल्याबद्दल काही म्हटलेलं नाही.”

नवं सॅम्पल मी इथेच घेतलं, दोनदा फिरवलं. पॉझिटिव्ह.

सासूबाईंना सगळं सांगितलं.

“म्हंजी चूक तुमची?”

“माझी.”

“मंग आधी नाय सांगायचं? लय बोलले मी हिला.” मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, “चल, च्या घेऊ.”

एका पॉझिटिव्हवर निदान होत नाही. बारा आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करावी लागते. तीही पॉझिटिव्ह आली. पुढच्या खेपेला सविताताईंनी रोज पोटात इंजेक्शन घेतलं. मुलगी झाली. पेढे सासूबाईच घेऊन आल्या.

दोनदा करायच्या कामाला दोन चौकोन द्यावेत, एवढं मी शिकले. फॉर्म बदलला. पाटीही काढू या, असं मी सुचवलं होतं. मालकांनी नकार दिला. तिच्यामागे भिंतीला आलेली ओल दिसेल, म्हणाले.