गावासमोर वाचलेला निकाल

वकिलीची परीक्षा पास होऊन मी हिंगोलीला आलो, तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायची होती. ॲड. भुजंगराव पातुरकर यांच्या ऑफिसात पहिल्यांदा पाऊल ठेवलं त्या सकाळी साहेबांनी माझी पदवी पाहिली नाही की मार्क विचारले नाहीत. समोर बसलेल्या एका बाईंना आलेली इंग्रजी नोटीस त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यांना कळेल अशी वाचून दाखवा." मी दोन्ही पानं वाचली. बाई साहेबांकडे बघत राहिल्या. साहेब म्हणाले, "त्यांना काहीच कळलं नाही. पुन्हा वाचा." तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, "म्हंजे मिक्सरचे पैसे मागून राहिले का?" तेव्हा कुठे साहेबांनी माझ्यासाठी चहा सांगितला. त्या चहापासून मी त्यांचा शिष्य.

साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला लिहायला सांगितलं, तेव्हा एक सूचनाही केली. साहेबांचा स्वभाव शांत आहे, तेव्हा लेखही शांतपणे लिहा. साहेब शांत आहेत, हे खरंच. मी नाही. ज्या कामासाठी त्यांचा गौरव करायचा, ते काम त्यांना का करावं लागलं हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. त्यामुळे समितीने मला माफ करावं.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात वस्तू हप्त्यावर मिळू लागल्या. टीव्ही, मिक्सर, लोखंडी कपाट. माणसाने वस्तू घ्यायची, पैसे फायनान्स कंपनीने दुकानदाराला द्यायचे आणि कंपनीच्या वसुलीवाल्याने बाजाराच्या दिवशी येऊन हप्ता न्यायचा. माणसाजवळ एक कार्ड असे, त्यावर हप्त्याची सही होई. लोकांनी हौसेने वस्तू घेतल्या आणि नेमाने फेडल्याही. दहा-बारा वर्षं गेली. आणि मग एक दिवस हिंगोलीच्या कोर्टातून समन्स निघू लागले. जुन्या थकबाकीचे दावे, व्याजासकट.

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे दगडूजी गडदे यांच्यावर असाच दावा झाला. मेंढ्या राखणारं घर, थोडी शेती. त्यांनी रंगीत टीव्ही घेतला होता. बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा दगडूजी मेंढ्यांमागे लांब गेलेले. त्यांच्या पत्नी गयाबाईंनी कागद घ्यायला नकार दिला. घेतला नाही तर खटला चालत नाही, असं गावातल्या कुणी शहाण्याने सांगून ठेवलेलं. बेलिफने तो दारावर चिकटवला आणि निघून गेला. दोन दिवसांत साऱ्या गावाने तो वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना इतरांनी वाचून दाखवला. मोठ्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. पाहुण्यांनी निरोप धाडला की बुडव्याच्या घरची पोरगी आम्हाला नको.

दगडूजी ऑफिसात आले ते आमच्यासमोर जमिनीवरच मान खाली घालून बसले. साहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि आधी पाणी दिलं.

"साहेब, म्या समदे हप्ते भरले. एक बी ठेवला न्हाई."

"कार्ड आहे?"

"चुलीत घातलं."

"काहून?" साहेबांनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आमच्यात देणं फिटलं की कागद घरात ठेवत नसतेत. ठेवला तं देणं मागं येतंय म्हणतेत. शेवटचा हप्ता भरला त्या दिशी कार्ड चुलीत घातलं अन् आळीत गूळ वाटला."

मला हसू आलं होतं, हे मी इथे कबूल करतो. दाव्यासोबत कंपनीने तीन कबुलीपत्रं जोडली होती. जुन्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. पण त्या मुदतीत कर्जदाराने लेखी कबुली दिली की मुदत पुन्हा नव्याने मोजतात. कंपनीची तिन्ही पत्रं बरोबर मुदत संपायच्या थोडी आधीची होती आणि तिन्हींवर दगडूजींचा अंगठा होता. मी पोक्तपणाचा आव आणून म्हणालो, "दगडूजी, थोडंफार देऊन मिटवून टाका. कागद त्यांच्या बाजूने आहेत."

साहेब माझ्याकडे वळले. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "जे फेडलंय ते पुन्हा द्यायचा सल्ला फुकट मिळत असेल, तर वकील कशाला करायचा?" माझा चेहरा उतरला. तो अजून त्या जागी परत आलेला नाही.

मग साहेबांनी वकालतनामा दगडूजींपुढे ठेवला. दगडूजींनी पेन घेतलं आणि वळणदार नाही, पण सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. साहेबांनी सहीकडे पाहिलं, मग तिन्ही पत्रांकडे पाहिलं.

"सही कधीपासून करता?"

"साक्षरतेच्या वर्गात शिकलो. टीव्हीचं देणं फिटलं, त्याच्या पुढल्या साली. तवापासून अंगठा न्हाई दिला कुठं. पोरीच्या शाळेत बी सहीच करतो."

कंपनीचं पाप असं उघडं पडलं. टीव्ही घेताना करारावर अंगठा होता. कंपनीच्या वातानुकूलित खोलीत बसलेल्या कुणीतरी तो करार समोर ठेवून पत्रं तयार केली आणि कुणाचा तरी अंगठा उठवला. मधल्या वर्षांत मेंढ्या राखणारा एक माणूस पाटी-पेन्सिल घेऊन बसला असेल, स्वतःचं नाव गिरवत असेल, ही शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नाही. खोट्या कागदाइतकाच मला या गृहीत धरण्याचा संताप येतो. किती गावांत, किती दारांवर असे कागद चिकटले असतील आणि किती जणांनी लाजेपोटी मुकाट पैसे मोजले असतील?

दगडूजींच्या सह्या असलेलं मुलीच्या शाळेचं रजिस्टर साहेबांनी कोर्टात मागवलं. कंपनीचा मॅनेजर साक्षीला उभा राहिला तेव्हा ते त्याला अगदी मायेने म्हणाले, "सही येणारा माणूस तुमच्याकडेच आल्यावर अंगठा का लावत होता, हे एवढं समजावून सांगा." मॅनेजरने रुमाल काढला. न्यायाधीशांनी अंगठ्यांची तपासणी करायला लावली. तिन्ही अंगठे दगडूजींचे नव्हते.

आता कबुली उडाली, म्हणजे दावा मुदतीबाहेर गेला. मी खूष होऊन म्हणालो, "सुटलो." दगडूजी म्हणाले, "वकीलसाहेब, उशीर झाला म्हणून सोडलं, असं निघंल ना? गावाला काय सांगू? म्या फेडलंय, ते लिहून पाहिजे."

दुसरा कुणी वकील असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. साहेब म्हणाले, "बरोबर बोलताय." आणि दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने कनेरगाव नाक्याला गेले. तेव्हाचा वसुलीवाला नोकरी सोडून तिथल्या एका धाब्यावर कामाला असल्याचं त्यांनी शोधून काढलं होतं. मी सोबत होतो. तो माणूस आधी घाबरला. साहेबांनी त्याला ना दरडावलं, ना काही देऊ केलं. फक्त विचारलं, "साखऱ्याच्या दगडूजींचा शेवटचा हप्ता आठवतो का?"

तो थोडा वेळ भाकऱ्या उलटत राहिला. मग म्हणाला, "आठवतो की. एवढी घरं फिरलो साहेब, हप्ता घेतल्यावर गूळ कुणी दिला न्हाई. त्याहिनं दिला."

त्याने कोर्टात येऊन तेच सांगितलं. कंपनीला तिची जुनी पावतीबुकं आणायला सांगितली होती, ती तिने शेवटपर्यंत आणली नाहीत. न्यायाधीशांनी दावा मुदतीबाहेरचा म्हणून फेटाळला आणि स्वतंत्रपणे लिहिलं की प्रतिवादींनी सगळी रक्कम वेळेवर फेडली होती.

साहेबांच्या मायेबद्दल लिहायचं तर माझ्या वडिलांचं आजारपण आठवतं. मी दोन महिने नांदेडच्या दवाखान्यात होतो. परत आलो तर माझी एकही तारीख चुकली नव्हती. साहेबांनी प्रत्येक पक्षकाराला सांगितलं होतं की तुमचे वकील कामासाठी बाहेरगावी आहेत, मी त्यांचा मदतनीस. हे मला पक्षकारांकडून कळलं. साहेब त्याविषयी आजतागायत बोललेले नाहीत.

पण साहेब म्हटलं की मला दिसतो तो साखऱ्याचा पार. निकालाची नक्कल हाती आल्यावर ती टपालाने धाडता आली असती. साहेब म्हणाले, "समन्स सगळ्यांनी वाचला. निकालही सगळ्यांनी ऐकावा." वयाची सत्तरी जवळ आलेली, गुडघे दुखत होते. पारावर बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत. उभं राहून त्यांनी तो निकाल पहिल्या ओळीपासून वाचला. प्रत्येक परिच्छेद आधी कोर्टाच्या भाषेत, मग गावाच्या भाषेत. दगडूजी गर्दीच्या कडेला उभे होते. "रक्कम फेडली होती" हे वाक्य आलं तेव्हा साहेब थांबले आणि म्हणाले, "दगडूजी, इकडं पुढं या." दगडूजी पुढे आले. साहेबांनी ते वाक्य त्यांच्या शेजारी उभं राहून पुन्हा वाचलं. गयाबाईंनी डोळ्याला पदर लावला. ती मोडलेली सोयरीक मात्र जुळली नाही. मुलीचं लग्न दोन वर्षांनी दुसरीकडे झालं, आणि त्या दोन वर्षांची भरपाई कुठल्याही कोर्टाच्या हुकमात नव्हती.

ही कंपनी बंद झालेली नाही. पाटी रंगवून नवी केली आहे, एवढंच. तिच्या नोटिसा अजून निघतात. मागच्या आठवड्यात हट्ट्याहून एक बाई आल्या. मी त्यांची केस बघू लागलो, तर त्या म्हणाल्या, "गावात येऊन निकाल वाचनारे साहेब कोनते? मला ते पाहिजेत."

साहेब, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या, दुपारची झोप चुकवू नका. त्या बाईंची केस मी लढीन, धावपळ सगळी मी करीन. पण निकाल लागेल त्या दिवशी हट्ट्याच्या पारावर आपल्याला उभं राहायचं आहे. बाईंना मी तसा शब्द देऊन बसलो आहे.