तिसऱ्या हाकेची वाट

निवृत्तीनंतर मी अरबी आणि फारसी शिकायला घेतलं तेव्हा सावंतवाडीच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, आता एवढंच राहिलं होतं. शिकवणारे आमचे शेजारी, चाचा. त्यांची उमेदीची वर्षं आखातातल्या जहाजांवर गेली, तिथे अरबी आली, फारसी वडिलांकडून. रोज दिवेलागणीला ते कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन हाक मारत, मग आम्ही दारापुढच्या खळ्यात बसून वाचत असू.

मी दोन्हीकडच्या गूढ कवितेवर लेख लिहीत होते आणि माझी शिक्षकी खोड काही जात नव्हती. वहीत कोष्टक आखलं होतं: अरबीत वाळवंट, फारसीत बाग; तिकडे उंट, इकडे बुलबुल; मद्य दोन्हीकडे. चाचांनी ते पाहून वही मिटली. म्हणाले, अरबी कवी पोचतो तेव्हा प्रियेच्या टोळीचा तळ उठलेला असतो. चुलीचे काळे दगड आणि थंड राख, बोलायचं ते त्या राखेशीच. फारसीत मात्र ज्याला शोधायचं तो कुठेच गेलेला नसतो. तो घरातच असतो, मध्ये फक्त पडदा, आणि तो पडदा म्हणजे आपण.

माझे यजमान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी विचारलं, यातलं खरं कुठलं? हा प्रश्न लेखासाठी नव्हता, हे त्यांना कळलं असावं. उत्तर उद्यावर टाकून ते उठले.

"फाल्या येवन सांगतंय, बाय."

दुसऱ्या दिवशी मी आत दिवा लावत होते, तेवढ्यात गडग्यापाशी हाक आली. आवाज त्यांचाच, पण फार सपाट. आमच्याकडे तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. ज्याला देह नाही तो तिसरी हाक मारत नाही म्हणतात. रोज मी खळ्यातच असायचे, ते समोर दिसत, त्यामुळे कधी मोजायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी कडी धरून दाराआड उभी राहिले. दुसरी हाक आली. मग काहीच नाही. तीस वर्षं शास्त्र शिकवलेली बाई मी, आणि मी कडी काढली नाही.

शेवटी स्वतःचाच राग आला आणि मी त्यांच्या घरी गेले. अंगणभर चपला होत्या. त्यांची सून दारात आली.

"दुपारीच गेले गो ताई. सारखे म्हणी होते, बायेक उत्तर देवचा आसा."

तिच्यापाशी मी हाकांचा उच्चारही केला नाही. रीतीप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं, उलट रीत खरी ठरली होती. पण जे उत्तर मिळावं म्हणून मी इतके महिने तडफडत होते, ते देणारा मरणानंतरसुद्धा माझ्या दारापर्यंत चालत आला, आणि मी आत उभी राहून हाका मोजल्या.