चौकशीच्या खिडकीतल्या जोविटाबाई

जोविटा मिस्किटा यांचा आवाज अर्ध्या ठाण्याने ऐकलेला आहे, पण रस्त्यात समोर आल्या तर कुणी ओळखणार नाही. खोपटच्या एसटी स्टँडवर त्यांनी सव्वीस वर्षं नोकरी केली. लागल्या होत्या आरक्षणाच्या खिडकीवर. पण उच्चार स्वच्छ आणि आवाज खणखणीत, म्हणून वर्षभरात चौकशीच्या खिडकीत माइकसमोर बसवलं. कोकणात जाणारी बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा सुटणार, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं पोर हरवलं, सगळं त्यांच्या तोंडून स्टँडभर जायचं.

निवृत्तीनंतर त्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. मुलगा टेरेन्स वसईला असतो. दर रविवारी फोन करून "ममा, इकडे ये राहायला" म्हणतो, आणि ह्या दर रविवारी "बघू" म्हणतात. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मीच म्हटलं, "आमच्या कविता मंडळात या की. शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत."

"मला कवितेतलं काय कळतं?"

"कळत कुणालाच नाही. चहा चांगला असतो."

म्हणून आल्या. मंडळ चालवतात आमचे टेंबे सर, साईनाथ टेंबे. डोंबिवलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. आता दर शनिवारी बसने ठाण्याला येतात, सोबत कवितांच्या झेरॉक्स. एक जण कविता वाचतो, सर उलगडून सांगतात, आम्ही माना डोलावतो. जोविटाबाई मागच्या खुर्चीत बसायच्या. चार महिने तोंडातून शब्द काढला नाही.

मग त्या शनिवारी सरांनी एका नव्या कवीची कविता आणली. शहरातल्या गर्दीत एकट्या पडलेल्या माणसाची. त्यातल्या ओळी अशा:

हजार खांदे घासून गेले
एकाही खांद्याला नाव नव्हते
मी बाकावर बसून राहिलो
बाकालाही माझे गाव ठाव नव्हते

सर रंगात आले. महानगरीय संवेदना झाली, तुटलेपण झालं, मग परात्मता आली. जोविटाबाई माझ्या कानाशी वाकल्या. "परात्मता म्हणजे?"

"आपल्याच जागी परकं वाटणं."

"असं होय. मला वाटलं परातीचं काहीतरी."

मी हसू दाबलं, ते सरांना दिसलं. "मागे काय चाललंय? बाई, तुम्ही... तुमचं नाव काय बरं?"

चार महिने बाई येत होत्या आणि सरांना नाव ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याशिवाय कुणालाच नव्हतं.

"जोविटा मिस्किटा. सर, मला एक विचारायचंय. हा माणूस बाकावर बसून राहिला, ते कळलं. पण चौकशीच्या खिडकीवर का नाही गेला?"

सगळे हसले. सरही हसले, पण जरा ओशाळून. "अहो, कविता आहे ती. खिडकी कुठून आणणार?"

"माझ्याकडे आलेला एक माणूस. अगदी असाच," बाई म्हणाल्या, आणि माइकवर बोलायच्या त्याच आवाजात सांगायला लागल्या.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एका रविवारी सकाळी साठीतला एक गृहस्थ खिडकीशी आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. म्हणाला, "मॅडम, महिपत घाडी नावाचे गृहस्थ आहेत, जरा पुकारा." बाईंनी पुकारलं, 'महिपत घाडी, जिथे असतील तिथून चौकशीच्या खिडकीजवळ यावे.' कुणी आलं नाही. गृहस्थ मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत राहिला, थँक्यू म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. बाईंना वाटलं, कुणी नातेवाईक घर सोडून गेला असेल आणि हा बिचारा शोधतोय. चौथ्या रविवारी त्यांनी वही पुढे ओढली. "काका, असं दर रविवारी नुसतं पुकारून माणूस मिळत नाही. त्यांचं गाव सांगा, मी लिहून ठेवते."

"वरचीवाडी, तालुका कणकवली."

"आणि तुमचं नाव?"

गृहस्थ खिडकीच्या गजाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तेच."

"तेच म्हणजे?"

"महिपत घाडी."

मागे रांग लागलेली. सावंतवाडीची बस किती वाजता म्हणून एक बाई ओरडत होती. जोविटाबाईंनी तिला वेळ सांगितली आणि पुन्हा ह्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात लेथवर आहे, मागच्या खोलीतच राहतो. बायको गेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. वर्कशॉपात त्याला सगळे 'लेथवाले' म्हणायचे, हॉटेलात 'काका', रिक्षात 'शेठ'. "नाव घेऊन कुणी बोलावलं त्याला किती दिवस झाले, मोजायला गेलो तर आठवेना. म्हटलं, इथे पुकारतात."

"मग तुम्ही काय केलंत?" आमच्यातल्या कुणीतरी विचारलं.

"काय करणार? बटण दाबलं. म्हटलं, आता गावासकट पुकारू या. 'मुक्काम वरचीवाडी, तालुका कणकवलीचे महिपत घाडी, यांनी चौकशीच्या खिडकीजवळ यावे.' चांगलं दोनदा पुकारलं."

त्यानंतर दर रविवारी गावासकट. अडीच-तीन महिने हे चाललं. मग एका रविवारी घोषणा संपते न संपते तोच फलाटावरून एक जाडा माणूस हातातली फणसाची पिशवी सांभाळत धावत आला. "खंय आसा? घाड्यांचो महिपत खंय आसा?"

महिपतराव खिडकीशीच उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जाडा माणूस ओरडला, "मेल्या, तू हंय खंय?"

तो गणू. शाळेत एकाच बाकावर बसलेला. कळव्याला मुलाकडे राहायचा आणि गावाहून परतत होता. दोघं तिथेच, रांगेच्या मधोमध, मोठमोठ्याने मालवणीत बोलायला लागले. एकमेकांच्या पाठीवर थापा काय, जुन्या मास्तरांना शिव्या काय! बाईंना शेवटी माइकवरून सांगावं लागलं, 'खिडकीसमोरील प्रवाशांनी कृपया बाजूला व्हावे.'

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर आलाच नाही. रविवारी कळव्याला जात असेल. पहिले दोन रविवार मी वाट बघितली. आनंद झालेला मला, आणि रागपण आलेला. एवढं पुकारलं, एकदा सांगायला तरी यायचं! मग दिवाळीत आला चिवडा घेऊन. गणूला घेऊनच आला."

टेंबे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हातातल्या कवितेकडे बघत म्हणाले, "मी ही कविता तीनदा शिकवली आहे. 'नाव नव्हते' ह्या ओळीशी मी कधी थांबलोच नाही. थेट परात्मतेवर जायचो."

"ती पण असेल सर," बाई समजुतीने म्हणाल्या.

त्या दिवसापासून मंडळाची रीत बदलली. आधी प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव आणि गाव सांगायचं, मग कविता. सरांचं आजोळ राजापूरजवळ आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. आणि कविता वाचतात जोविटाबाई, कारण त्या वाचतात तेव्हा शेवटच्या खुर्चीपर्यंत एकेक शब्द पोचतो.

प्रत्येक कवितेवर त्यांच्याकडे तोडगा असतो असं मात्र नाही. गेल्या महिन्यात सरांनी दुसरी एक कविता आणली. त्यातला माणूस विसाव्या मजल्यावर राहतो, दाराची बेल काढून टाकतो आणि खिडकीतून खालची गर्दी बघत बसतो. सरांनी मुद्दाम विचारलं, "काय जोविटाबाई, ह्याला पुकारायचं का?"

बाईंनी कागद दोनदा वाचला. "नको. ह्याला कुणी यायला नकोय सर. मीपण टेरेन्सकडे जात नाही ना? मला माझ्या घरात बरं वाटतं. ह्याला राहू दे सुखाने."

"पण कवी तर म्हणतो, हा दुःखी आहे."

"कवीला कुणी सांगितलं? बेल तर काढलेली होती, आत गेला कसा?"

यावर सरांचं आणि त्यांचं जे जुंपलं ते चहा गार होईपर्यंत. सर प्रतिमा समजावत होते, बाई बेलवरून हलायला तयार नव्हत्या. शेवटी वाचनालयाच्या शिपायाने पंखा बंद केला, तेव्हा दोघं भांडत भांडतच जिना उतरले.