आवाज येण्याआधी

सासूबाईंना हाका ऐकू यायला लागल्या त्या आम्ही वरळीची चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला आल्यावर. चाळीत शेजारच्या काकू दुपारी नळ आला की ओरडायच्या, "वयनी, पाणी इला!" इथे पाणी दिवसभर असतं आणि त्या काकू मुलाकडे विरारला गेल्या. तरी दुपार झाली की सासूबाई "येतंय गे" म्हणत उठायच्या आणि दार उघडून बाहेर पडायच्या.

एकदा लिफ्टमध्ये भलतंच बटण दाबलं गेलं. बाहेर आल्या तर एका घराचं दार उघडं दिसलं, म्हणून सरळ आत जाऊन बसल्या. चाळीत उघड्या दारातून जायला कुणी विचारत नसे. दिवसा दार लावलेलं दिसलं तरच शेजारी काळजीनं थाप मारायचे. त्या घरातली बाई मात्र घाबरली. सोसायटीच्या ग्रुपवर सासूबाईंचा फोटो आला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामावर जाताना बाहेरच्या जाळीच्या दाराला कडी घालून कुलूप लावू लागलो.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. शेवटची दोन वर्षं मी लग्नानंतर केली. परीक्षेच्या दिवसांत मला अभ्यास करता यावा म्हणून सासूबाई माझ्या मुलीला घेऊन तासन्‌तास गॅलरीत बसायच्या. आमची एकच खोली होती आणि ती त्यांनी मला दिली होती. त्याच बाईंना आता मी कोंडून जात होते. लिफ्टकडे जातानासुद्धा आतून कुणी दार ढकलतंय असं वाटायचं, आणि मी थांबायचे नाही.

"तिचं डोकं फिरत चाललंय," नवरा म्हणाला. "कुलूप काढून कसं चालेल? उद्या रस्त्यावर गेली तर?"

"आधी कान तपासू," मी म्हणाले. परळच्या एका रुग्णालयात माझं कामच ते आहे.

तपासणीची खोली लहान, भिंती जाड, बाहेरचं काही ऐकू येत नाही. सासूबाई आत बसल्या, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेतून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "इथे पण दार लावणार?"

"पाचच मिनिटं, आई. आवाज आला की दाबायचं."

बारीक आवाज त्यांना कमी ऐकू येत होते. पण मधेच, मी काही दिलं नसताना, त्यांनी बटण दाबलं आणि माझ्यासमोरच्या यंत्रावरचा दिवा लागला.

"आई, आत्ता आवाज नव्हता."

"होता की. तू दिलास ना गो."

त्या खोटं बोलत नव्हत्या. हे आम्हाला शिकवलेलं असतं. आवाज ठरावीक अंतरानं दिला तर मेंदू ती लय पकडतो आणि पुढचा आवाज यायच्या आधीच त्याची तयारी ठेवतो. म्हणून आम्ही मधली अंतरं मुद्दाम बदलतो. त्या दिवशी माझा हात नकळत एका लयीत पडला होता. बाहेरून कमी येऊ लागलं की मेंदू आपल्या अंदाजावर जास्त विसंबतो. एवढ्या वर्षांची दुपार, रोजची तीच हाक. ती आली नाही तरी तिची जागा रिकामी राहत नव्हती.

नवऱ्याला हे समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग कानाचं मशीन येईपर्यंत तरी कुलूप राहू दे."

मला ते जमेना. एके सकाळी तो आधी निघाला. मी दार नुसतं ओढून घेतलं. कडी नाही, कुलूप नाही.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. एप्रनच्या खिशात फोन वाजतोय असं सारखं वाटायचं. काढून बघावं तर काही नाही. दुपारी तर मी एका पेशंटला मधेच थांबवून फोन पाहिला.

घरी पोचले तेव्हा सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

"आज बाहेर गेला नाहीत?" मी विचारलं.

"कशी जाणार?"

"आज मी कुलूप लावलंच नव्हतं, आई."

 त्या रागावल्या, अगदी शांतपणे. "खोटं कशाला बोलतेस? सकाळी कडी वाजली ती मी माझ्या कानांनी ऐकली."