कानसेनाचा कान

गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहायच्या आत तिचं दुखणं काय ते तो सांगायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव कानसेन पाडलं होतं. एकतीस वर्षं तो सायलेन्सरचं काम करत होता. घरघर ऐकली की आतला पडदा सुटलाय, फटफट ऐकली की नळी फुटलीय, खुळखुळ असली तर गंजाचे पापुद्रे जमलेत. गाडीखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी निदान तयार. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, आधी बघा तरी. तो म्हणायचा, बघायला काय, डोळे सगळ्यांनाच असतात.

नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला त्याने एक जुना सायलेन्सर मधोमध कापून ठेवला होता. बाहेरून नुसता डबा, आत मात्र खोल्या आणि भोकं पाडलेल्या नळ्या. इंजिनाचा आवाज त्यात शिरतो, भिंतींवर आपटतो, उलटा फिरून स्वतःशीच भांडतो आणि भांडून भांडून दमतो. उरलासुरला आत ठासलेल्या काचेच्या लोकरीत मुरतो. "आमच्या घरासारखंच," तो म्हणायचा. "भांडण दोन खोल्यांत, शेजाऱ्यांना पत्ता नाही." गॅरेजच्या मागेच घर होतं, तिथून बायकोला हे ऐकू यायचं.

पण नवा सायलेन्सर बसवायचा म्हणजे आधी जुना उतरवायचा, आणि उघड्या नळीने इंजिन चालू करून खाली कान लावायचा. कानात बोळे घाल, असं त्याच्या उस्तादांनी त्याला सुरुवातीलाच बजावलं होतं. कानावर पोट असलेल्या माणसाने कान बंद करायचे, हे त्याला पटलं नाही. दिवसातून दहा-दहा वेळा तो तसाच त्या गडगडाटाखाली पडून राहिला.

आधी गेले ते बारीक आवाज. दारावरची बेल वाजेनाशी झाली तेव्हा त्याने दोनदा बॅटरी बदलली. लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं ताडायची सवय त्याला कधी लागली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. इंजिनाचे जड आवाज मात्र अजून नीट पोचत होते, त्यामुळे गॅरेजात सगळं ठाकठीक चाललं होतं.

एका वर्षी ऐन थंडीत बाई आल्या. गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, घरी शिकवण्या घेणाऱ्या. त्यांच्या लहानशा जुन्या गाडीचा सायलेन्सर सडून लोंबत होता. त्याने नवा बसवला. पुढच्या नळीचा जोड खोलून पुन्हा आवळला, इंजिन चालू केलं, वाकून कान दिला. गळतीचा आवाज नाही. असा जोड आवळला की त्यावर साबणाचं पाणी ओतून बुडबुडे येतात का ते बघायचं, ही उस्तादांची रीत. ती नवशिक्यांची म्हणून त्याने कधीच सोडून दिली होती.

"बाई, आता मांजरासारखी चालेल," तो म्हणाला. बाई खूश होऊन गेल्या.

पुढचे नऊ दिवस बाईंचं डोकं दुखत राहिलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं त्यांना वाटलं. दहाव्या दिवशी दुपारी काचा बंद करून त्या बाजारातून परतत होत्या. गाडी हळूहळू वाकडी होत रस्ता सोडून एका कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकली. लोकांनी धावत जाऊन दार उघडलं तेव्हा बाई स्टिअरिंगच्या चाकावर मान टाकून पडल्या होत्या. इस्पितळात कळलं की रक्तात गाडीचा विषारी धूर भिनला होता.

गाडी ओढून आणणाऱ्याने ती थेट कानसेनाच्या दारात आणली, कारण काम त्याच्या हातचं. पुढचा दिवा फुटला होता, इंजिन ठीक होतं. ओढवाल्याने किल्ली फिरवली आणि लगेच खाली बोट दाखवलं.

"हे काय, जोडातून सूं करतंय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

कानसेन आडवा झाला. कान अगदी जवळ नेला. काहीच नव्हतं. मग तो उठला, बादलीत साबण कालवला आणि जोडावर ओतला. पाणी नुसतं उकळत असल्यासारखं फसफसलं. वर, चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून बोटभर भोक पडलं होतं; धूर तिथूनच आत शिरला होता. ओढवाल्याने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि तो निघून गेला.

मागे घरात जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"चार वर्षं झाली. मी हाक मारायची सोडली आणि खांद्याला हात लावायला लागले. तुमच्या ध्यानातही आलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"अख्खी गल्ली तुम्हाला कानसेन म्हणत होती. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. बाई शुद्धीवर होत्या, उशीला टेकून बसल्या होत्या. जोड गळत होता, मला ऐकू आलं नाही, आणि मला ऐकू येत नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, असं त्याने एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी विचारलं, "मग न ऐकता कळायचा काही उपाय नव्हता?"

"होता. साबणाचं पाणी लावायचं."

"किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. तो परत आला.

बाईंनी तक्रार केली नाही. केली असती तर बरं, असं त्याला पुष्कळदा वाटलं. त्या घरी परतल्या, पण फळ्यावर गणित मांडता मांडता मधेच त्यांचा धागा तुटायचा. हातात खडू तसाच, आणि पोरं एकमेकांकडे बघतायत. एकेक जण गळत गेला आणि उन्हाळ्यापर्यंत शिकवण्या बंद पडल्या.

त्याने गॅरेज बंद केलं आणि एका टायरच्या दुकानात चाकं उतरवायच्या कामाला लागला. कानाला यंत्र आलं. त्यात भांड्यांचा, खुर्चीचा, माणसांचा आवाज पत्र्यावर आपटल्यासारखा एकसारखाच यायचा. नट काढायच्या हवेच्या बंदुकीने तर डोकं उठायचं. म्हणून कामावर तो ते बंद ठेवायचा.

एकदा एक गाडी चाक बदलायला आली. बाईंची भाची चालवत होती आणि शेजारी बाई होत्या. चाक बसवून तो उभा राहिला तेव्हा बाईंनी काच खाली केली. त्याला ओळखून त्या सावकाश, लांबलचक काहीतरी बोलल्या. ओठांवरून त्याला एकही शब्द लागला नाही. ग्रीस लागलेल्या बोटांनी तो कानामागचं बटण चाचपत होता. ते सापडेपर्यंत बाईंचं बोलणं संपलं होतं आणि काच वर जात होती. पुन्हा सांगा म्हणायचा त्याला धीर झाला नाही. त्याने मान डोलावली.

भाचीने गाडी मागे घेतली. तो पुढच्या गाडीचे नट सैल करायला वाकला.