दस्त्याचा रंग आणि पहिला विडा

टेंभुर्णीच्या कडूबा सुताराला आपल्या बायकोचा हेवा वाटायचा. दुसऱ्या कुण्या सुताराचा वाटला असता तर चारचौघांत शिव्या तरी घालता आल्या असत्या. हे सांगायचं कुणाला?

ठासणीच्या बंदुकीचा लाकडी दस्ता घडवावा तर कडूबानं, असं नाव होतं. दसऱ्याला रखमाजी पाटलाच्या दारी शस्त्रं पुजली की पहिला विडा कडूबाच्या हातावर. घडवायचा तोच, पण रंग द्यायची त्याची बायको गोपिकाबाई, मागच्या खोलीत बसून. आधी हिरड्याचा काढा. तो वाळला की गंजके खिळे आठवडाभर भिजवलेलं आंबट ताक. लाकूड बघता बघता काळंभोर व्हायचं. शेवटी जवसाचं तेल, तळहात तापेस्तोवर चोळून. कुण्या उस्तादानं शिकवलं नव्हतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो हे चुलीपुढच्या प्रत्येक बाईला ठाऊक. हिनं ते लाकडावर करून बघितलं. असली अक्कल आत कोंडलेली आणि ओट्यावर मिशीला पीळ भरायला कडूबा!

त्या वर्षी पाटील नवा दस्ता सांगायला आले आणि जाता जाता म्हणाले, "रंग मात्र सुतारणीलाच देऊ दे."

कडूबाच्या अंगाचा तिळपापड झाला. "यंदा तू हात लावायचा न्हाई," त्यानं बायकोला बजावलं.

"करा की खुशाल," ती म्हणाली. "माझ्या भाकरी तरी निवांत होतील."

दस्ते वर्षाकाठी एखाद-दुसरे, एरवी जन्मभर गाड्यांची चाकं केलेला माणूस. नवं लाकूड तडकू नये म्हणून आधी तेल पाजायचं, ही त्याच्या हाताची सवय. दस्त्यालाही त्यानं दोनदा तेल पाजलं. मग काढा लावला, तर अळवाच्या पानावरून पाणी जावं तसा ओघळला. वर ताक फिरवलं. दस्ता खरूज झालेल्या म्हशीसारखा दिसू लागला. दसरा चार दिवसांवर.

"अवं, हे काय करून राह्यले?" गोपिकाबाई दारात उभी. "तेल पिलेलं लाकूड रंग कसा पिईल?"

"लई शहाणी! मंग तूच कर!"

"करते. पर वट्यावर बसून. आत न्हाई."

कडूबानं दस्ता उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. दुसरा इलाज नव्हता.

तिनं राखेच्या पाण्यानं दस्ता धुतला, फुटक्या काचेनं खरवडला, पुन्हा काढ्यापासून सुरुवात केली. आडावरून पाणी घेऊन जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. कडूबा शेजारी तासणी घेऊन नुसता बसलेला, कोण थांबलं आणि किती वेळ थांबलं हे मोजत.

दस्ता न्यायला आलेल्या पाटलांनी तो उन्हात फिरवून पाहिला. "कुणाचा हात?"

सगळी आळी बघत होती. खोटं बोलायची सोयच राहिली नव्हती.

"हिचा," कडूबा म्हणाला. दाढ उपटावी तसा तो शब्द निघाला.

"मंग विडा बी हिचाच."

दसऱ्याला पाटलाच्या दारी गोपिकाबाईनं डोईवर पदर घेऊन विडा घेतला. बायांच्या घोळक्यात कुणीतरी मोठ्यानं हसलं, आनंदानं. कडूबा मागं गड्यांत उभा होता. त्याला राहवलं नाही. शेजारच्या धर्मराजच्या कानाला लागून तो म्हणाला, "लाकूड तर माझंच हाय ना त्यात?"

"लाकूड बाभळीचं हाय, कडूबा," धर्मराज म्हणाला. "गप उभा राहा."