हिरवी ताडपत्री

न्याय परमेश्वराच्या हाती आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण दादा गेल्यावर तो न्याय मला माझ्या डोळ्यांदेखत हवा होता. दोन वर्षांपूर्वी, आंब्याच्या दिवसांत, रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्यावर एका टेम्पोने माझ्या थोरल्या भावाला उडवले आणि तो थांबलाही नाही. मी वीस-पंचवीस पावलांवर होते. वळणाआड जाणारी हिरवी ताडपत्री आणि तिच्याखालून उडणारा पेंढा, एवढेच मला दिसले. पोलिसांना मी शेजारच्या सुरेशचे नाव सांगितले. त्याच्या टेम्पोला तशीच ताडपत्री होती आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या हद्दीवरून दादाशी त्याचे भांडण चालू होते. "ताई, दादांच्या अंगावर मी गाडी घालीन?" एवढेच तो तेव्हा म्हणाला होता.

सुरेशवरच्या खटल्यात माझ्या साक्षीची तारीख जवळ आली तशी मला भीती वाटू लागली. प्रार्थनेला बसले की हात जुळत, शब्द येत नसत. मी खरेच पाहिले होते, की मला तसे पाहायचे होते? चुकीचे बोलले तर एक निरपराध माणूस तुरुंगात जाईल. 'ठाऊक नाही' म्हटले तर दादाचा मारेकरी मोकळाच राहील, आणि तो मी सोडलेला असेल. देव गप्प आहे याचे दुःख होतेच. पण तो बोलेल, याची मला जास्त धास्ती होती.

साक्षीच्या दिवशी सकाळी एसटीत खिडकीशी बसले होते. पुढे एक टेम्पो आला. हिरवी ताडपत्री, उडणारा पेंढा. माझ्या तोंडून "तोच!" निघून गेले. आम्ही त्याला मागे टाकले; चालवणारा कुणी अनोळखी होता. त्याच्याही पुढे दुसरा टेम्पो होता, अगदी तसाच. मला दरदरून घाम फुटला.

शेजारी टोपली घेऊन बसलेली मासेवाली म्हातारी म्हणाली, "काय गो बाय, भूत बघितलंस?"

"हा पेंढा..."

"पेट्यांत घालायचा पेंढा तो. आंब्याच्या दिवसात पेंढा न उडवणारी गाडी दाखव, पापलेट फुकट तुला! रत्नागिरीचीच ना तू?"

तिला मी कोण हे ठाऊक नव्हते. ती पुढच्या थांब्याला उतरून गेली.

कोर्टात साक्षीला उभी राहिले. मी म्हणाले, "हिरवी ताडपत्री पाहिली, पेंढा पाहिला. सुरेशची गाडी पाहिली नाही." दादाचा हात माझ्याच हातून सुटल्यासारखे वाटले.

बाहेर जामिनावर असलेला सुरेश उभा होता. मी त्याची क्षमा मागितली. त्याने खिशातून टेम्पोची किल्ली काढली. मग म्हणाला, "एसटी चारला हाय. बसा गाडीत."

त्या टेम्पोत चढताना वाटलेली भीती मी विसरणार नाही. त्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले. पुष्कळ दिवसांनी मला प्रार्थनेचे शब्द आले. ते दादासाठी होते, सुरेशसाठी होते, आणि शेवटी, अडखळत, त्या न थांबलेल्या माणसासाठी.

पुढे सुरेश निर्दोष सुटला. तो न थांबलेला माणूस कोण, हे आजही मला ठाऊक नाही. मागून टेम्पोचा आवाज आला की अजून छातीत धस्स होते. मी कडेला थांबते, त्याला जाऊ देते. तो कुठे जातो आहे, हे ज्याला दिसते त्याचे आभार मानते आणि घरी येते.